पिकारोची साक्ष

मुकुंदरावांच्या नातवाचं, हर्षवर्धनचं, लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. अंतरपाट धरला आणि फंक्शन हॉलची वीज गेली, जनरेटर चालू होईपर्यंत भटजींनी मोबाइलच्या उजेडात मंगलाष्टकं उरकली, म्हणून अंबरपेठेत ते लग्न अजून लोकांच्या लक्षात आहे. नवी नातसून वृषाली घरात आली, पाहुणे आपापल्या गावी गेले, उरलेले लाडू शेजारीपाजारी वाटून झाले, आणि आता जरा टेकावं म्हणून मुकुंदराव खुर्चीत बसले, तोच आषाढातल्या एका शनिवारी त्यांच्या हाती ती चिठ्ठी आली.

चिठ्ठीचं प्रकरण समजायला आधी मंडळ समजलं पाहिजे. विद्यानगरला एका जुन्या बंगल्याच्या पुढच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी मराठी वाचक मंडळ भरतं. ते स्थापन केलं दत्तात्रयराव वकिलांनी. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आता हॉलच्या समोरच्या भिंतीवर चंदनाच्या हारात ते असतात. फोटो असा काढलाय की कुठल्याही खुर्चीत बसा, वकीलसाहेब तुमच्याकडेच बघतात. हैदराबादच्या मराठी माणसांत त्यांची दोन गोष्टींसाठी ख्याती होती. एक म्हणजे त्यांची उलटतपासणी, आणि दुसरी त्यांची एकादशी. महिन्याच्या दोन्ही एकादश्या ते निर्जळी करत, आणि तशाच कोरड्या घशानं कोर्टात उभे राहत.

वकील असल्यामुळे त्यांनी मंडळालाही कलमं घालून दिली. पहिलं कलम : आषाढात सगळ्या सभासदांनी एकेक विषय लिहून स्टीलच्या डब्यात टाकायचा, आणि ज्याला जो विषय येईल त्यानं त्यावर बोलायचं. चिठ्ठी बदलून मिळणार नाही. दुसरं कलम जास्त कडक : पुराव्याशिवाय तोंड उघडायचं नाही. वक्त्यानं आपल्या विषयाचा एक साक्षीदार सोबत आणायचा, आणि त्या साक्षीदारानं मराठीतच साक्ष द्यायची. बहुतेक लोक पुस्तक आणतात. ते टेबलावर ठेवलं जातं, त्यातला उतारा वाचला जातो आणि मग सभासद त्या बिचाऱ्या पुस्तकाची उलटतपासणी करतात. एकदा नदीवरच्या व्याख्यानाला एक गृहस्थ मुसीचं पाणी बाटलीत भरून घेऊन आले होते. साक्षीदाराला वास येतो म्हणून मंडळानं त्याला बाहेर उभं केलं.

या मंडळात मुकुंदरावांची खुर्ची दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारी. ती त्यांना कशी मिळाली हे थोडक्यात सांगायला हवं. अंबरपेठेत त्यांची पिठाची गिरणी. पंचेचाळीशीपर्यंत त्यांना अक्षर येत नव्हतं. गिऱ्हाइकांचे डबे ते पोच्यांवरून ओळखत. मग इंदुताईंनी, त्यांच्या बायकोनं, दुपारच्या वेळी गिरणीच्या ओट्यावर पीठ पसरून त्यात बोटानं अक्षरं काढून दाखवली. चुकलं की फुंकर मारायची, पाटी कोरी. अशा रीतीनं ते वाचायला शिकले आणि शिकले ते थांबेचनात. पुड्याचे कागद, पंचांग, औषधाच्या बाटलीवरची सूचना, काही सोडलं नाही. मंडळात येऊन त्यांनी कित्येक वर्षं नुसतं ऐकलं. त्या वर्षी प्रथमच मंडळाच्या प्रमुख निर्मलाताई, म्हणजे वकीलसाहेबांच्या सूनबाई, त्यांना म्हणाल्या, "मुकुंदराव, आता तुम्हीही बोललं पाहिजे. डब्यात हात घाला."

नातवाच्या लग्नात झाला नाही इतका आनंद मुकुंदरावांना त्या वाक्यानं झाला. त्यांनी टोपी सारखी केली, डब्यात हात घातला आणि चिठ्ठी उघडली.

'पिकारेस्क कादंबरी : अर्थ आणि उगम.'

त्यांनी ती एकदा वाचली. मग अक्षर अक्षर लावून पुन्हा वाचली. आपल्या वाचनातच खोट असावी असं वाटून त्यांनी चष्मा पुसला. तरी शब्द तसाच.

परतताना रिक्षात शेजारी श्रीकांतराव होते. कोर्टातून पेशकार म्हणून निवृत्त झालेले, मुकुंदरावांच्या गल्लीतच राहणारे, आणि मंडळाची कलमं खुद्द वकीलसाहेबांपेक्षा जास्त पाठ असलेले.

"श्रीकांतराव, हे काय असतं हो?"

"मोठा विषय आहे." श्रीकांतराव रस्त्याकडे बघत राहिले.

"पण म्हणजे काय?"

"म्हणजे... फार मोठा. खरं सांगू का? विषय मीच टाकला. कुठंतरी वाचला होता, बरा वाटला. मला काय ठाऊक तो तुमच्याच हाती लागेल?"

"पण तुम्हाला अर्थ माहीत असेल ना?"

"मुकुंदराव, मी पेशकार होतो. न्यायाधीशांपुढं कागद ठेवणं माझं काम. कागदात काय आहे ते त्यांनी बघायचं."

त्या रात्री जेवताना मुकुंदरावांनी चिठ्ठी ताटाशेजारी ठेवली. वृषाली एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिचं सगळं शिक्षण हैदराबादचं; मराठी बोलते फाडफाड, पण वाचायला बसली की वाटेत दम खाते.

"अरे आजोबा, हे तर आम्हाला एम.ए.ला होतं! एकदम इझी आहे. स्पेनमध्ये, चारशे वर्षांपेक्षाही आधी, अशी नॉव्हेल्स सुरू झाली. त्यात हीरो म्हणजे हीरो नसतोच. पिकारो असतो."

"पिकारो म्हणजे?"

"म्हणजे भुरटा. लुच्चा म्हणा. पण खुनी, दरोडेखोर तसला नाही हां. गरिबाघरचा, पोटाला नाही, मग डोकं चालवून जगतो. आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे. कधी भटाकडे, कधी सरदाराकडे. आणि प्रत्येक मालकाची आतली गंमत त्याला दिसते, कारण तो मागच्या दारानं येतो ना! आणि स्टोरी तो स्वतःच सांगतो, स्वतःच्या तोंडानं. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. मोठा प्लॉट वगैरे कुछ नई."

"आणि शेवटी सुधारतो?"

"खास नाही."

"आणि हा शब्द आला कुठून? उगमही सांगायचाय."

वृषालीनं फोनवर बोट फिरवलं. "त्यात स्कॉलर लोकांचं भांडण आहे. कुणी म्हणतं टोचणे, चिरणे असा एक स्पॅनिश शब्द आहे त्यावरून, कारण सुरुवातीला हा शब्द स्वयंपाकघरात कापाकापी करणाऱ्या हरकाम्या पोरांना लावायचे. कुणी म्हणतं फ्रान्समध्ये पिकार्दी म्हणून प्रांत आहे, तिकडून फाटके सोल्जर आले, त्यांच्यावरून. प्रूफ कुणाकडेच नाही."

मुकुंदराव विचारात पडले. "म्हणजे या शब्दाचं गोत्रही कुणाला ठाऊक नाही. नाव सांगतो, गाव सांगतो, पण चौकशी केली की प्रत्येक वेळी वेगळं."

स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून एक म्हातारा भाकरी कुस्करत बसला होता. तो खोकला, मग हसला. "ह्याच्यात कादंबरी काय हाय? असंच तर ऱ्हातंय सगळं."

"दादा, तुम्ही जेवा," मुकुंदराव म्हणाले.

हा म्हातारा म्हणजे उमाजी, मुकुंदरावांचा थोरला सख्खा भाऊ. मिसरूड फुटायच्या आधी उदगीरकडच्या त्यांच्या गावातून पळाला तो सगळ्या हैदराबाद संस्थानात आणि संस्थान गेल्यावर त्याच्या तिन्ही तुकड्यांत भटकत राहिला. करोना ओसरल्यावर एके दिवशी पिशवी घेऊन गिरणीच्या दारात उभा राहिला. इंदुताईंनी विचारपूस न करता आधी पाणी दिलं आणि मग गिरणीमागची खोली झाडून दिली. मुकुंदरावांनी मात्र गल्लीत सांगितलं, "गावाकडचे एक गृहस्थ आहेत." भाऊ म्हणून सांगितलं नाही. त्याला कारण होतं.

दर आषाढीला निर्मलाताई मंडळात वकीलसाहेबांच्या एकादशीची हकीकत सांगत. फार वर्षांपूर्वी त्यांच्या स्वयंपाकघरात नारायण नावाचा एक पोरगा होता. ब्राह्मणाचा म्हणून ठेवला. ऐन एकादशीला त्यानं सोवळ्यातल्या तांब्याच्या घंगाळात बाहेरचं अभक्ष्य आणून लपवलं आणि वकीलसाहेबांच्या आत्याबाईंनी त्याला पकडलं. पोरगा कुठल्या जातीचा होता तेही तेव्हाच उघडं पडलं. वकीलसाहेबांनी त्याला त्याच पावली घालवून दिलं, आणि घरात झालेल्या विटाळाचं प्रायश्चित्त म्हणून त्या दिवसापासून एकादशीला पाणीसुद्धा सोडलं. मंडळ ही हकीकत दरवर्षी हात जोडून ऐकत असे. मुकुंदरावही ऐकत. उमाजी परत आला त्याच संध्याकाळी बोलता बोलता म्हणाला, "इद्यानगरला एका वकिलाकडं होतो की मी. नारायण म्हून." त्यावर मुकुंदरावांनी पुढचं काही विचारलं नाही. त्यांना फक्त दुसऱ्या रांगेतली, खांबाशेजारची खुर्ची दिसली, आणि ती रिकामी होती.

तर अर्थ कळला, उगम जेवढा कळायचा तेवढा कळला. उरला साक्षीदार. एक पुस्तक तर आणायचं, त्यात काय, असं मुकुंदरावांना वाटलं. घर बांधायला काढणारा माणूसही सुरुवातीला असंच म्हणतो.

रविवारी ते आबिड्सला गेले. तिथं रविवारी बंद दुकानांपुढच्या फूटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली असतात. एका पुस्तकवाल्यासमोर ते उकिडवे बसले.

"मराठी में बदमाश की कहानी होना. खुद बदमाश बोलता सो."

पुस्तकवाल्यानं त्यांच्या टोपीकडे पाहिलं, पांढऱ्या मिशांकडे पाहिलं. "चाचा, इस उमर में?"

"साहित्य के वास्ते."

"सब वैसाइच बोलते." त्यानं ढिगाखालून पोलिसी कथांचे अंक काढले. ते नाही म्हटल्यावर एका पुढाऱ्याचं आत्मचरित्र काढलं. "ये देखो, खुद बोल रा. बस, बदमाश हूँ बोलके नई लिखा."

मुकुंदरावांनी ते आत्मचरित्र चाळलं. पुढारी पहिल्या पानापासून देशसेवाच करत होता. पिकारो निदान भूक लागली म्हणून कबूल तरी करतो, असं मनाशी म्हणून त्यांनी ते परत ठेवलं.

गल्लीत एव्हाना बातमी पसरली होती, आणि सल्ले येऊ लागले होते. इस्त्रीवाला म्हणाला, सरळ आजारी पडा. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, तसा कागद देतो, पण मूळव्याध लिहू की चक्कर? मुकुंदरावांना दोन्हींत प्रतिष्ठा दिसेना. वरच्या मजल्यावरचे रेड्डी म्हणाले, लॅपटॉपवर चित्रं दाखवा, चित्रं बघताना कुणी प्रश्न विचारत नाही. इंदुताई म्हणाल्या, "अहो, येत नाही म्हणून सांगा की सरळ. एवढं काय?" पण हा सल्ला सगळ्यांत सोपा असल्यामुळे तो कुणी विचारात घेतला नाही.

श्रीकांतरावांनी सांगितलं, मोठ्या ग्रंथालयात जा. कुठलं ते इथं सांगत नाही, कारण तिथल्या खिडकीवरचा कारकून तसा भला माणूस होता. मराठी कपाट बघायला आधी सभासद व्हावं लागेल, तो म्हणाला. अर्ज भरता भरता तो थांबला आणि त्यानं तेलुगूत आजोबा म्हणून हाक मारली.

"तातगारू, क्वालिफिकेशन?"

मुकुंदरावांना शब्द कळला. पिठात शिकलो असं खिडकीतून ओरडून सांगणं त्यांना बरं वाटेना. मागं रांग होती. ते म्हणाले, "गिरणी आहे."

"मिल?" कारकून एकदम अदबीनं बोलू लागला. त्यानं वेगळा फॉर्म काढला. मिलमालक म्हणजे उद्योगसमूह. आणि उद्योगसमूहांसाठी सभासदत्वाची निराळी वर्गवारी होती. त्यासाठी कंपनीच्या लेटरहेडवर विनंती, कंपनीचा शिक्का आणि कंपनीनं नेमलेल्या अधिकृत वाचकाचा फोटो लागणार होता. मुकुंदरावांनी सांगायचा प्रयत्न केला की कंपनी म्हणजे एक जातं, एक मोटर आणि ते स्वतः. पण फॉर्म भरून झाला होता, आणि भरलेला फॉर्म फाडायला वरची परवानगी लागते.

मग लेटरहेड छापायला टाकलं. छापखानेवाला शंभराच्या खाली छापत नाही. शिक्का करायला टाकला. त्यावर 'प्रोप्रायटर' लिहायचं की 'मॅनेजिंग डायरेक्टर' यावर शिक्केवाल्याशी वाद झाला आणि शिक्केवाला जिंकला. अशा रीतीनं पीठ बारीक पडतं की जाड एवढंच आयुष्यभर पाहिलेले मुकुंदराव वयाला न शोभणाऱ्या वेगानं श्रावणापर्यंत उद्योगपती झाले. स्वतःलाच लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःची अधिकृत वाचक म्हणून नेमणूक केली आणि स्वतःच ती स्वीकारली.

आत गेल्यावर कळलं की मराठी कपाटाची किल्ली ज्या बाईंकडे होती त्या बदलून दुसरीकडे गेल्या आहेत आणि किल्ली त्यांच्यासोबत गेली आहे. इंग्रजी कपाट उघडं होतं. तिथून हवं तसं एक पुस्तक मिळालं, स्पेनमधलंच, भाषांतर केलेलं. मुकुंदरावांनी ते फडक्यात गुंडाळून श्रीकांतरावांकडे नेलं.

श्रीकांतरावांनी ते उलटून पाहिलं. "हे इंग्रजीत आहे."

"हो. वृषाली तोंडी मराठी करून सांगेल."

"ते चालणार नाही. साक्षीदारानं स्वतः मराठीत बोललं पाहिजे. दुभाषा चालत नाही. वकीलसाहेबांनी एकदा एका कानडी ताम्रपटाला परत पाठवलंय."

"श्रीकांतराव, विषय तुम्ही टाकला!"

"म्हणूनच तर मला पक्षपात करता येत नाही."

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी मुकुंदराव गिरणीच्या ओट्यावर डोकं धरून बसले होते. उमाजी शेजारी येऊन बसला. त्याला अलीकडे चार पावलं टाकली तरी धाप लागे. डॉक्टरांनी छातीचं सांगितलं होतं.

"सापडलं का रं पुस्तक?"

"नाही, दादा."

"मग मला ने."

मुकुंदरावांनी ओट्यावरच्या पिठात उगाच बोट फिरवलं.

"ती पोरगी सांगत हुती तसंच की रं समदं. मिठाईवाला झाला, सर्कस झाली, तो बाबा झाला, बीदरचा. त्याच्या समाधीत मीच जेवान पोचवायचो. मराठी येतंया मला. मानूस साक्षीदार चालतंय का नाही तुमच्यात?"

माणूस चालत नाही असं कलमात कुठंही नव्हतं. ही मोठी अडचण होती.

"दादा, मंडळ त्याच बंगल्यात भरतं. ठाऊक आहे ना?"

"हौ. पुढच्या दारानं कधी गेलो न्हाई." उमाजीनं गुडघ्यावरचं पीठ झटकलं. "वकिलाचं सोडून सांगतो की. तुझी खुर्ची काय मी पळवत न्हाई."

शेवटी तसं ठरलं. वकिलांचं घर सोडून बाकी सगळं. आणि मुकुंदराव म्हणाले, ओळख करून देताना 'गावाकडचे गृहस्थ' एवढंच म्हणतो. उमाजीनं मान हलवली. इंदुताई आतून ऐकत होत्या. त्या नवऱ्याशी त्या संध्याकाळी बोलल्या नाहीत. उमाजीचा सदरा मात्र धुऊन, इस्त्री करून ठेवला.

गणपती उठल्यानंतरचा तो शनिवार. हॉल भरला होता. मुकुंदराव उभे राहिले, घसा खाकरला, फोटोतल्या वकीलसाहेबांकडे न बघण्याचा प्रयत्न केला आणि बोलले. बरे बोलले. स्पेन सांगितलं, पिकारो सांगितला, शब्दाच्या उगमावरचं भांडण सांगितलं. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. मग ते म्हणाले, "पुस्तक मिळालं नाही. माझे साक्षीदार म्हणजे हे... गावाकडचे एक गृहस्थ."

हॉलमध्ये कुजबुज झाली. श्रीकांतरावांनी मनातल्या मनात सगळी कलमं तपासली आणि नाइलाजानं मान डोलावली. उमाजी टेबलाशेजारच्या खुर्चीत बसला. आधी त्यानं खुर्ची हातानं पुसली.

आणि तो रंगला. मिठाईवाल्याकडे जिलेबीला वास येतो असं कुजबुजून गिऱ्हाइकाला ती परत करायला कसं लावायचं, आणि ती परत आलेली जिलेबी कुणाची. सर्कशीतला वाघ मेल्यावर मालकानं त्याचं कातडं उमाजीला कसं नेसवलं, आणि उपाशी असल्यामुळे आपण खऱ्या वाघापेक्षा बरी डरकाळी कशी फोडली. समाधीतला बाबा रोज रात्री पुरीऐवजी फुलका का नाही म्हणून कसा रुसायचा. माणसं डोळे पुसून हसत होती. मुकुंदरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. आता आभार मानावेत म्हणून ते उठले, तेवढ्यात श्रीकांतरावांनी हात वर केला.

"साक्षीदाराला एक प्रश्न. मिठाईवाल्याकडून तुम्ही निघालात तेव्हा पोरसवदा होता. सर्कशीत गेलात तेव्हा, तुम्हीच म्हणालात, मिशा होत्या. मधे कुठे होता?"

"मधी... असंच."

"असंच म्हणजे? जागा सांगा."

"शेरातच हुतो."

"कुणाकडे?"

उमाजीनं मुकुंदरावांकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, ते सोडून सांगायचं ठरलंय."

असं उत्तर पेशकारासमोर कुणी देऊ नये. "ठरलंय? कुणाशी ठरलंय?"

पहिल्या रांगेतून निर्मलाताई उठल्या. पंचवीस वर्षं शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. "गृहस्थ, या हॉलचा नियम आहे. साक्षीदारानं काही लपवायचं नाही. तुम्ही कुणाकडे होता?"

उमाजीनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. "ह्यांच्याकडं. नारायण म्हून."

मुकुंदरावांनी खांबाला हात टेकला.

"तो नारायण तुम्ही?" निर्मलाताई म्हणाल्या.

"हौ, ताई. गळ्यात दोरा घालून आलतो. पोटाला न्हवतं. वकीलसाहेबांनी पैल्याच दिशी वळखलं. मला मागं न्हेलं आन् म्हनाले, संध्येचा मंत्र म्हन. मला काय येतंय? मी गप. मग म्हनाले, नारायणा, तुझं मी झाकतो. माझं तू झाकायचं."

"तुमचं काय झाकायचं होतं ते कळलं. त्यांचं काय?"

"एकादशी."

कुणीतरी "शिव शिव" म्हटलं.

"दर एकादशीला दुपारच्याला म्या इरान्याच्या हाटेलात जायचो. खिम्याचे समोसे. घंगाळात घालायचे, वर वलं फडकं, फडक्यावर तुळस. सोवळ्याचं म्हून कुनी हात लावत न्हवतं. माडीवर वकीलसाहेब दार लावून पोथी घेऊन बसायचे. खरी पोथी हुती, ती बी वाचायचे. खाता खाता." उमाजीला खोकला आला. तो थांबला. "एक दिशी आत्याबाईंनी फडकं काढलं. वरडा झाला. वकीलसाहेब जिन्यात हुते. माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, माझंच हाय."

"आणि त्यांनी तुम्हाला हाकललं."

"मग? त्यांनी बी काय करावं? त्यांचं मोठं नाव. माझं तर नावच माझं न्हवतं."

"आणि त्या दिवसापासून त्यांनी पाणीसुद्धा सोडलं," श्रीकांतराव कसंबसं म्हणाले.

"त्ये मला ठावं न्हाई. पर आननारा ऱ्हायला न्हाई ना, साहेब."

हसू आलेल्यांनी ते रुमालात दाबलं. निर्मलाताई मुकुंदरावांकडे वळल्या. "मुकुंदराव, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"नारायण हेच, एवढं ठाऊक होतं. बाकीचं आत्ताच ऐकलं."

"ठाऊक असून तुम्ही माझ्याकडून ती हकीकत ऐकत राहिलात?"

मुकुंदरावांनी टोपी काढून हातात धरली.

"हे गृहस्थ तुमचे कोण?"

सोपं उत्तर तयार होतं. ते गल्लीत सगळ्यांना देऊन झालं होतं आणि तासाभरापूर्वी याच हॉलमध्येही. उमाजी खुर्चीतून उठायच्या बेतात होता. त्यानं खालमानेनं पिशवी उचलली आणि आपणहोऊन म्हणाला, "गावाकडचा हाय मी, ताई. ह्यांचा काय संबंध न्हाई."

तेवढं तो म्हणाला नसता तर मुकुंदराव कदाचित गप्प राहिले असते. म्हाताऱ्यानं या घरात एकदा दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेतलं होतं. आता पुन्हा घेत होता, आणि तेही तितक्याच सहज, भाकरीचा तुकडा सरकवावा तसं.

"माझा थोरला भाऊ आहे, उमाजी," मुकुंदराव म्हणाले. आवाज फुटला, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. "सख्खा. आम्ही एका आईचे. इतके दिवस मी सांगितलं नाही. मला ही खुर्ची हवी होती." मग ते टेबलाशी गेले, भावाच्या हातातली पिशवी स्वतः घेतली आणि म्हणाले, "चल दादा."

"बसा," निर्मलाताई म्हणाल्या.

दोघंही बसले. त्या आवाजानंतर कुणीही बसलं असतं.

त्या आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. सभासद एकमेकांकडे बघत राहिले. श्रीकांतराव फोटोकडे बघेनात. त्या आल्या त्या हातात चहाचा कप घेऊन. तो त्यांनी उमाजीसमोर ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"मी या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या, आणि कुणाला सांगत होत्या ते कळत नव्हतं. "पहिल्याच एकादशीला मला चक्कर आली. सासूबाई म्हणाल्या, मामंजींकडे बघ, कोर्टात उभे राहतात. पोटुशी होते तेव्हाही केली. नंतर सगळ्यांनी सोडल्या, मी सोडली नाही. फोटो बघतो म्हणून." मग त्या उमाजीकडे वळल्या. "उमाजीराव, एक विचारते. त्या समोशात कांदा असायचा?"

"हौ, ताई. कांदा आन् पुदिना."

"भरपूर?"

"भरपूर."

निर्मलाताईंनी भिंतीकडे पाहिलं. वकीलसाहेब नेहमीसारखे त्यांच्याकडेच बघत होते. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेवटी शेवटी ते हसणं आहे की दुसरं काही, हे पहिल्या रांगेलाही सांगता आलं नाही. इंदुताई मागच्या रांगेतून उठून त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बायकांना अशा वेळी काय करायचं ते कळतं. पुरुष पंख्याकडे बघतात.

श्रीकांतरावांनी अखेर घसा साफ केला. विषयाचा अर्थ साक्षीनं सिद्ध झाला, उगम अनिर्णित राहिला, असा निकाल त्यांनी दिला. मुकुंदरावांच्या खुर्चीबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि पुढच्या शनिवारी ती तिथंच होती. शेजारी आणखी एक खुर्ची होती. उमाजी तिच्यात बसून व्याख्यानं ऐकत असे, बहुतेक वेळा झोपत असे, आणि जागा असला की वक्त्याला मधेच "मग काय झालं?" विचारत असे, जे या मंडळात आजवर कुणी विचारलं नव्हतं. गल्लीत मुकुंदराव दिसेल त्याला थांबवून "हा माझा भाऊ" म्हणून सांगू लागले. इस्त्रीवाल्याला त्यांनी ते इतक्यांदा सांगितलं की तो म्हणाला, आता पुरे, मालूम है. पौषापर्यंत उमाजीची धाप वाढली आणि विद्यानगरला जाणं थांबलं. निर्मलाताई दोनदा अंबरपेठेला येऊन गेल्या. दोन्ही वेळा त्यांनी गिरणीमागच्या खोलीचं दार लोटून घेतलं होतं आणि आतून पुदिन्याचा वास येत होता. त्या दोन दिवशी तिथी कोणती होती ते कुणी पंचांगात पाहिलं नाही.

उमाजी, मुकुंदरावांचे थोरले सख्खे भाऊ, अंबरपेठेत गिरणीमागच्या खोलीत सकाळी वारले. तो दिवस सहा फेब्रुवारी दोन हजार चोवीस, मंगळवार.